रूळ गेले, नाव उरलं

मित्रांनो, इतिहास नुसता किल्ल्यांत नसतो. रस्त्याच्या पाटीवरही असतो.

कुर्ल्याहून कालिन्याकडं जाणारा सी. एस. टी. रोड घ्या. १९९६ साली व्हीटीचं नाव बदललं. तेव्हापासून पुष्कळांना वाटतं, हा रस्ता त्या स्टेशनाच्या नावाचा. तसं नाही. ही अक्षरं सेंट्रल साल्सेट ट्रामवेची. जीआयपी रेल्वेनं १९२८ साली ट्रॉम्बे ते अंधेरी, कुर्ल्यावरनं, १३ किलोमीटरची ही लाइन सुरू केली. आजूबाजूला तेव्हा भातशेती नि गावठाणं. १९३४ साली लाइन बंद झाली. उणंपुरं सहा वर्षांचं आयुष्य! रूळ गेले, रस्ता आला. रस्त्याच्या अंगानं कारखाने, चाळी, झोपड्या, मागाहून टॉवर.

आता मी विचारतो, ह्या उपनगराचा इतिहास कुणाचा? लाइनीच्या जन्ममरणाची साल कागदावर आहे. पण तिच्यासाठी ज्यांनी माती वाहिली, दुष्काळात गाव सोडून जे इथं चिखलात भराव घालून राहिले, त्यांची साल कुणी लिहिली? सहा वर्षं जगलेल्या लोखंडाला रस्त्याचं नाव मिळालं. आपल्या माणसाला मात्र फुकटच्या पुनर्वसनाच्या घरासाठी १ जानेवारी २००० च्या आधीचा कागद काढून दाखवावा लागतो. नाही सापडला, तर तो इथं कधी नव्हताच!

म्हणून सांगतो, वहीपेन्सिल घ्या. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा : कोण कधी आलं, नळ कधी आला, घरं कितीदा पाडली. सालासकट लिहा. आपला इतिहास दुसरा कुणी लिहिणार नाही.