धुळाक्षरांचा परतीचा प्रवास

माझे आजोबा धूळपाटीवर अक्षरे गिरवून शिकले. हे ते जरा संकोचानेच सांगत, जणू घरच्या गरिबीची गोष्ट. लंडनमधली मुलेही एके काळी तशीच शिकली, हे मला फार उशिरा कळले.

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री 1789 मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक झाला. घोड्यावरून जाताना गावशाळेतली पोरे वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याला दिसली. आश्रमातले मास्तर हे करून पाहायला राजी होईनात. मग त्याने जॉन फ्रिस्कन या आठेक वर्षांच्या मुलालाच धाकट्यांचा पंतोजी केले. 1797 मध्ये त्याचे पुस्तक लंडनला निघाले आणि पुढे पद्धतीला नाव पडले ‘मद्रास पद्धत’.

तिकडे बरो रोडच्या शाळेत जोसेफ लँकेस्टरने हीच कल्पना ताणली: मास्तर एक, मुले शेकड्यांनी. छडी नको, म्हणून खोडकराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका, नाहीतर टोपलीत घालून आढ्याला टांगणे! आमचे पंतोजीही काही मवाळ नव्हते. पण पडवीत थोरल्याने धाकट्याचा हात धरून गिरवून घेणे वेगळे. गिरण्यांच्या देशात त्याच रिवाजाची गिरणी झाली.

1820 नंतर मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि मंडळींनी शाळा काढल्या, तेव्हा तीच पद्धत विलायती सुधारणा म्हणून पंतोजींना शिकवली गेली. आजोबांना हे सांगायचे राहून गेले.