मांडवीहून पावागड

बडोदे शहराच्या जुन्या वस्तीत अगदी मध्यभागी मांडवी उभी आहे. चौकोनी आकाराचा हा मंडप. त्याच्या प्रत्येक बाजूस तीन कमानी. येथून चार दिशांना चार रस्ते निघतात व चार दरवाजांपाशी जाऊन पोहोचतात: लहेरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट आणि चांपानेर दरवाजा. या शेवटच्या दरवाजाखालून रोज हजारो माणसे जातात. परंतु ज्या नगरीचे नाव त्याला मिळाले ती ओस कशी पडली, हे विचारणारे थोडेच. ते जाणून घेण्यास एक दिवस पुरतो. सकाळी मांडवीवरून निघालेला प्रवासी सुमारे पन्नास किलोमीटरांवरील पावागडाच्या पायथ्याशी पोहोचतो आणि दिवेलागणीस घरी परततो.

पायथ्याशी प्रथम भेटते ते चांपानेर. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ साली हा गड चौहान राजाकडून घेतला आणि खाली आपली नवी राजधानी वसविली. तिची जामा मशीद आजही उभी आहे. आत १७२ खांब, समोर दोन उंच मिनार, आणि भोवती रान. राजधानीचे वैभव जेमतेम पन्नास वर्षे टिकले.

ते का टिकले नाही, याचे उत्तर शोधताना दृष्टी दूर कोकणकिनाऱ्याकडे वळते. उत्तरेकडून हुमायूनचे संकट येत होते. अशा वेळी सुलतान बहादूरशहाने १५३४ साली पोर्तुगीजांशी तह करून वसई त्यांच्या हवाली केली. समुद्राकडील शत्रू शांत झाला म्हणजे जमिनीवर हात मोकळे राहतील, असा त्याचा हिशेब असावा. हिशेब चुकला. १५३५ साली हुमायूनच्या माणसांनी कड्यात लोखंडी खिळे ठोकून गड चढला. त्याच वर्षी दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगीही पोर्तुगीजांना मिळाली आणि १५३७ साली त्यांच्याशी झालेल्या झटापटीत दीवजवळच्या समुद्रात बहादूरशहाचा अंत झाला. राजधानी अहमदाबादेस गेली; चांपानेरात रान माजले.

पायथ्यावरून माचीपर्यंत मोटार जाते. तेथून पायऱ्या चढाव्यात किंवा रोपवेने जावे. शिखरावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, कालिकामातेचे मंदिर आहे. चढताना वाटेत ढासळलेले तट, दरवाजे आणि धान्याची कोठारे दिसतात. अठराव्या शतकात हा गड मराठ्यांच्या हाती आला व पुढे शिंद्यांकडे राहिला. येथे पुन्हा वसईचे नाव कानी येते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. तो शिंदे व भोसले यांना मानवला नाही आणि युद्ध पेटले. कर्नल वुडिंग्टन याच्या फौजेने १७ सप्टेंबर १८०३ रोजी पावागड घेतला. असईची लढाई त्यानंतर सहा दिवसांनी झाली.

आकाश निरभ्र असले म्हणजे हा डोंगर बडोद्याहून दिसतो. तरीही त्या दिवसांत बडोद्याहून शिंद्यांच्या मदतीस कोणी धावून जाणे शक्य नव्हते. गायकवाडांनी १८०२ सालीच इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली होती. एका मराठी दौलतीचा गड पडत होता आणि जवळची दुसरी मराठी दौलत परक्याच्या पक्षात बांधली गेली होती. पाहणाऱ्याच्या मनाला गडावरील पडक्या भिंतींहून ही गोष्ट अधिक बोचते.

सुर्जी अंजनगावच्या तहाने गड शिंद्यांना परत मिळाला. परंतु १८५३ साली पंचमहालांचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६१ साली झांशीकडील मुलखाच्या बदल्यात हा सारा प्रदेशच त्यांना देण्यात आला. या वेळी एक गोळीही उडाली नाही. कागदावर सही झाली, एवढेच.

२००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागड पुरातत्त्व उद्यानास जागतिक वारशात स्थान दिले. त्यामुळे दगड राखले जातील. त्या दगडांचा अर्थ राखणे मात्र पाहणाऱ्याकडे आहे. गड तोफेने पडतो असे आपण मानतो. पण पुष्कळदा त्याचे पडणे आधीच दूर कोठेतरी तहाच्या कागदावर आणि आपसांतल्या दुराव्यात ठरलेले असते. संध्याकाळी चांपानेर दरवाजातून मांडवीकडे परतणाऱ्या प्रवाशाने एवढे बरोबर आणले, तरी त्याचा दिवस सार्थकी लागला.