व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना धर्मग्रामाची साथ

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीत वसलेले दोन भाग. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या या परिसराला भजन, लेझीम आणि ढोल-ताशा नवे नाहीत. व्हायोलिन हे वाद्य मात्र येथे क्वचितच ऐकू येते. भोरहून पुणे शहर सुमारे ५० किलोमीटर दूर आहे आणि वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यावस्त्यांवरून तर हा प्रवास अधिकच कष्टाचा होतो. अशा ठिकाणी एखाद्या मुलाने वा मुलीने व्हायोलिन शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर पालकांनी आणि धर्मग्रामाने काय करावे, याविषयीची उपयुक्त माहिती वाचकांसाठी येथे संकलित केली आहे.

वाद्याची ओळख

आजचे व्हायोलिन सोळाव्या शतकात उत्तर इटलीत आकारास आले. क्रेमोना शहरातील आमाती आणि पुढे स्त्रादिवारी या कारागिरांनी त्याला कीर्ती मिळवून दिली. वाद्याला चार तारा असतात. घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेल्या गजाने, म्हणजेच बोने, त्या छेडल्या जातात. केसांना रोझिन नावाची राळ लावल्याशिवाय तारेतून आवाज निघत नाही. सतारीप्रमाणे यावर पडदे नसतात, त्यामुळे प्रत्येक सुराची जागा वादकाला कानाने आणि बोटाने शोधावी लागते. या वाद्याची अवघड बाजू हीच आणि त्याचे सौंदर्यही यातच आहे.

मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशा लहान आकारांची व्हायोलिने मिळतात. साधारणपणे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पूर्ण आकाराचे वाद्य पेलते. निवड मात्र वयावरून न करता हाताच्या लांबीवरून करावी. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मोठे वाद्य घेऊन देणे हिताचे नाही. त्याने हात अवघडतो आणि सूर चुकीच्या जागी बसतो.

गोव्याच्या धर्मग्राम शाळा

भारतात व्हायोलिन गावोगावच्या मुलांच्या हाती पोहोचल्याचे ठळक उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज राजवटीत, सोळाव्या शतकापासून, गोव्यातील चर्चशी संलग्न अशा धर्मग्राम शाळा सुरू झाल्या. तेथे 'मेस्त्रे' म्हणून ओळखला जाणारा शिक्षक मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत असे. शिकलेली मुले मिस्सामध्ये, तसेच घरोघरी व क्रुसाजवळ होणाऱ्या लदिन्यांत गात आणि वाजवीत असत. वादन ऐकणारी मंडळी ठरलेली होती आणि वादनाचे दिवसही ठरलेले होते.

याच परंपरेतून अनेक नामवंत वादक घडले. १९२७ साली माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोन्साल्विस यांनी वादक आणि संगीत संयोजक म्हणून कार्य केले. १९५८ मध्ये त्यांनी पाश्चात्त्य व भारतीय संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभारला. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील प्रसिद्ध गीतात गुरूचे नाव येते, ते शिष्याने दिलेल्या मानवंदनेच्या रूपाने. गोन्साल्विस यांचे २०१२ साली निधन झाले. गोव्यातच २००९ साली डॉ. लुईस डायस यांनी 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' ही संस्था स्थापन करून वंचित मुलांना व्हायोलिनादी वाद्यांचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला.

चर्च आणि व्हायोलिन यांचे असेच नाते व्हेनिसमध्येही होते. १७०३ साली गुरुदीक्षा लाभलेले फादर आंतोनियो विवाल्दी त्याच वर्षी 'ऑस्पेदाले देला पिएता' या अनाथाश्रमात व्हायोलिनचे शिक्षक झाले. तेथील मुली आश्रमाच्या चर्चमध्ये वादन करीत आणि ते ऐकण्यासाठी युरोपभरातून प्रवासी येत. कोणाचाही आधार नसलेल्या या मुलींना उत्तम गुरू लाभला आणि वाजविण्यासाठी चर्च लाभले.

मराठी मुलुखातील व्हायोलिन

हे वाद्य पाश्चात्त्य असल्याने ते आपले नव्हे, असा समज काही घरांत आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितार (१७८६–१८५९) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. महाराष्ट्रात पं. गजाननराव जोशी (१९११–१९८७), पं. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) आणि पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांनी त्यावर रागसंगीत फुलविले. पुण्याचे प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांचे 'गाणारे व्हायोलिन' घराघरांत पोहोचले. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते पुण्यातील वाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर कार्यक्रम करीत असत. बिदागी लहान होती, पण ऐकणारी माणसे समोर होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लाभ कोणते?

'संगीत शिकल्याने मुलाची बुद्धी वाढते, गुण वाढतात' असे अनेकदा सांगितले जाते. येथे सावधगिरी बाळगावी. १९९३ मध्ये गाजलेला 'मोझार्ट परिणाम' हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संगीत ऐकण्यापुरता होता आणि तो दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता. २००४ साली कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास झाला. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी तीनहूनही कमी गुणांनी अधिक वाढला. २०२० मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा जितकी चाचणी काटेकोर तितका हा लाभ नाहीसा होत गेल्याचे दिसले.

म्हणून गणिताच्या गुणांचे आमिष दाखवून मुलाच्या हाती व्हायोलिन देऊ नये. गुण वाढले नाहीत की वाद्य बंद होते. वादनाचे खरे लाभ वादनातच आहेत. कान सूक्ष्म ऐकू लागतो. आपला सूर चुकला हे दुसऱ्याने सांगण्याआधी स्वतःला कळू लागते. रोज थोडे केल्याने अवघड गोष्ट साध्य होते, याचा अनुभव मिळतो. समूहात वाजविताना आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळावा लागतो. ही शिकवण लहान नाही.

मुले वाद्य का सोडतात?

पहिले वर्ष-दोन वर्षे व्हायोलिनमधून कर्कश आवाज येतो. घरचे हसतात, शेजारी कुरकुर करतात, गुरू दूर असतो आणि ऐकणारा कोणीच नसतो. अशा वेळी मूल वाद्य सोडते आणि आपण म्हणतो, 'त्याच्यात कलाच नव्हती.' जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांना हे मान्य नव्हते. प्रत्येक मूल आपली मातृभाषा शिकते, तसेच ते संगीतही शिकू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोज ऐकणे, पालकाने शिकवणीला सोबत बसणे, शिकलेले पुन्हा पुन्हा वाजविणे आणि इतर मुलांसह वाजविणे, ही त्यांच्या पद्धतीची अंगे होत. गोव्याच्या गावांनी हेच आपल्या परीने केले होते. मूल टिकते ते त्याच्या वादनाची कोणीतरी वाट पाहत असते म्हणून.

पालकांसाठी

१. रोज पंधरा-वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी सराव घ्यावा. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे फलदायी ठरते.

२. पालकाला संगीत येत नसले तरी चालेल. जवळ बसून ऐकावे आणि 'आज काय नवे शिकलास?' एवढे विचारावे.

३. गुरू दूर असल्यास महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष भेट घ्यावी. मधल्या काळात मोबाइलवर ध्वनिमुद्रण पाठवून मार्गदर्शन घेता येते. प्रारंभी गज व हात धरण्याची पद्धत मात्र समोर बसूनच शिकावी.

४. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत व्हायोलिनचा समावेश आहे. परीक्षेने अभ्यासाला दिशा मिळते. तथापि परीक्षा हेच ध्येय मानू नये.

धर्मग्रामासाठी

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात पवित्र संगीतावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ऑर्गनला मानाचे स्थान देतानाच, उपासनेस शोभतील अशी इतर वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतात, असे सांगितले आहे. त्यामुळे व्हायोलिनला उपासनेत जागा आहे. प्रायश्चित्त काळात मात्र वाद्ये सर्वसाधारणपणे गायनाला आधार देण्यापुरतीच वापरावीत, हा नियम गायनवृंदाने पाळावा.

नवशिक्या मुलालाही लगेच सहभागी करून घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. पाश्चात्त्य पद्धतीने जुळविलेल्या व्हायोलिनच्या मधल्या दोन मोकळ्या तारा पेटीच्या पांढरी दोनच्या षड्ज-पंचमाशी जुळतात. पांढरी दोनमध्ये गायिल्या जाणाऱ्या साध्या गीताला, बोट न ठेवता, केवळ या तारांवर संथ गज फिरवून सूर धरता येतो. दोन-तीन महिने शिकलेले मूल एवढे निश्चित करू शकते. पुढे तेच मूल ध्रुवपद वाजवील आणि कालांतराने संपूर्ण गीत. २२ नोव्हेंबर हा संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिचा सण. त्या दिवशी मुलांना धर्मग्रामासमोर वादनाची संधी देता येईल. धर्मग्रामाने एक-दोन वाद्ये विकत घेऊन आळीपाळीने मुलांना वापरण्यास दिल्यास गरीब कुटुंबांवरील भार हलका होईल.

पावसाळ्यातील निगा

भोर-वेल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस मुसळधार असतो आणि दमट हवा हा व्हायोलिनचा शत्रू आहे. लाकूड फुगते, सरसाने जोडलेले सांधे सुटतात, खुंट्या अडकतात. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करावेत, राळेची भुकटी सुती फडक्याने पुसावी आणि वाद्य पेटीत ठेवून तीत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. वाद्य ओलसर भिंतीला टेकवून वा चुलीजवळ ठेवू नये. सांधा सुटल्यास घरातील डिंकाने चिकटवू नये, जाणकार कारागिराकडेच द्यावे.

आपल्या धर्मग्रामात असे एखादे मूल असेल, तर येत्या रविवारच्या गीतांपैकी एक गीत त्याच्यासाठी राखून ठेवावे आणि त्याला तसे आधीच कळवावे. उरलेला सराव ते आपणहून करील.