तुतारीनंतरचे पहिले रीळ

लहानपणी बेळगावात सिनेमाला आम्ही नेहमी उशिराच पोहोचायचो. 'सुरुवातीला नुसत्या पाट्याच असतात,' ही थोरल्या काकांची ठाम समजूत! त्यामुळे 'संत तुकाराम' मी प्रथम पाहिला तो सुरुवात वगळूनच. सालोमालो मला केवळ हसवणारा भोंदू वाटला.

पुढे फिल्म सोसायटीत तो पहिल्यापासून पाहिला आणि काय हुकले होते ते उमगले. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम विठ्ठलाच्या ध्यानात रंगून गातो. त्या गाण्याला कसलीही सजावट नाही. पाठोपाठ तीच रचना सालोमालो नाटकी ढंगाने लोकांपुढे गातो आणि स्वतःची म्हणून मिरवतो. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली एवढ्याशा प्रसंगात भक्तिपटाचा सूर लावला आणि प्रेक्षकाला चोरीचा साक्षीदारही केले.

याच्या उलट प्रभातचाच १९३४ सालचा 'अमृतमंथन' आठवा. शांतारामबापू आपल्याला थेट चंडिकेच्या उपासकांच्या गुप्त बैठकीत नेतात. मशाली, दाट सावल्या आणि राजाच्या वधाचा हुकूम सोडणारा राजगुरू. देवाचे नाव इथेही आहे, पण छातीत धडकी भरते.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभातचे बोधचिन्ह तुतारीचे. ती तुतारी घराणे सांगते. चित्रपटाचा स्वभाव कळतो तो त्यानंतरच्या रिळात.

काका आता नाहीत. नातवंडे मात्र रिमोट दाबून सुरुवात पुढे पळवतात. मी म्हणतो, "थांबा रे! अभंग कुणाचा, हे तिथेच ठरते."