ऑरेगनमधील वर्णीय प्रवेशबंदी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्यात कृष्णवर्णीयांच्या प्रवेशास व वास्तव्यास मनाई करणारे एकोणिसाव्या शतकातील निर्बंध. येथील अस्थायी शासनाने १८४४ मध्ये गुलामगिरीवर बंदी घातली व त्याच कायद्यान्वये कृष्णवर्णीय पुरुषांना दोन, तर स्त्रियांना तीन वर्षांत प्रदेश सोडण्यास फर्माविले. मूळ कायद्यात फटक्यांची शिक्षा होती. अंमल होण्यापूर्वीच, १८४५ मध्ये तो रद्द झाला. तथापि जॉर्ज वॉशिंग्टन बुश हा सधन कृष्णवर्णीय वसाहतकार कोलंबिया नदीच्या उत्तरेस, पुढे वॉशिंग्टन राज्यात गेलेल्या भागात, स्थायिक झाला. १८४९ च्या दुसऱ्या कायद्याने नवागतांना मज्जाव केला. त्याखाली जेकब व्हँडरपूल या व्यावसायिकास १८५१ मध्ये हद्दपार करण्यात आले.

राज्याच्या संविधानावरील १८५७ चे मतदान विशेष बोलके आहे. गुलामगिरीच्या बाजूने २,६४५, तर विरुद्ध ७,७२७ मते पडली. स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरील प्रवेशबंदीस मात्र ८,६४० मते मिळाली. विरुद्ध केवळ १,०८१. गुलामगिरीचा विरोध म्हणजे समतेचा पुरस्कार, हा समज येथे टिकत नाही. छोट्या गोऱ्या शेतकऱ्यांना गुलामांचे मालक नको होते आणि मुक्त कृष्णवर्णीय शेजारीही नको होते. १८६० च्या जनगणनेत ५२,४६५ लोकसंख्येत कृष्णवर्णीय अवघे १२८ होते. १८६८ च्या चौदाव्या संविधानदुरुस्तीने हे कलम निष्प्रभ झाले, तरी ते संविधानातून वगळले गेले १९२६ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीमुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने आले. त्यांपैकी अनेकजण पोर्टलंडलगतच्या व्हॅनपोर्ट या १९४२ मध्ये उभारलेल्या कामगारवस्तीत राहत. ३० मे १९४८ रोजी ती कोलंबियाच्या पुरात नष्ट झाली. शहरातील गोऱ्या वस्त्यांत कृष्णवर्णीयांना घरे विकणे हे मालमत्ता-दलालांच्या संघटनेने १९१९ मध्येच व्यवसायनीतीविरुद्ध ठरविले होते. त्यामुळे बहुतेक विस्थापित अल्बिना भागात एकवटले. पुढे महामार्ग, क्रीडागृह आणि रुग्णालयाचा विस्तार यांसाठी तेथीलही अनेक घरे पाडली गेली.

२०२० च्या जनगणनेनुसार राज्यात कृष्णवर्णीय सु. २% आहेत. पोर्टलंडचा उदारमतवादी लौकिक खोटा नव्हे. पण त्या सहिष्णुतेची रोजच्या शेजारात कसोटी लागण्याचे प्रसंग कायद्यांनीच विरळ करून ठेवले होते. संविधानात उरलेले कालबाह्य वर्णवाचक शब्द काढण्याचा प्रस्ताव २००२ मध्ये संमत झाला, त्याविरुद्ध सु. २९% मते पडली.