वेदीसेवा आणि मुली : कॅथलिक मतभेदांचा मागोवा

कोलकात्यातील एस्प्लनेडलगत, पूर्वीच्या धर्मतळा मार्गावर (आजची लेनिन सरणी), सेक्रेड हार्ट चर्च आहे. ते १८३४ मध्ये पास्कोआ बारेटो डिसूझा या महिलेच्या दानातून उभे राहिले. चर्च उभारणाऱ्या या दात्रीला तेथील वेदीशी मिस्सेची सेवा करण्याची मुभा मात्र नव्हती. पाचव्या शतकातील पोप गेलासिअस यांच्या पत्राचा आधार घेऊन पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७५५ मध्ये या मनाईचा पुनरुच्चार केला होता. १९१७ च्या धर्मसंहितेने किंचित सवलत दिली : पुरुष सेवक उपलब्ध नसल्यास व सबळ कारण असल्यास स्त्रीने दुरून प्रार्थनेची उत्तरे द्यावीत, परंतु वेदीजवळ जाऊ नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत सर्व भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. तरीही १९७० व १९८० च्या रोमच्या सूचनांनी मनाई कायम ठेवली. १९८३ च्या नव्या संहितेतील २३० व्या कलमाने तात्पुरत्या सेवा प्रापंचिकांना खुल्या केल्या. त्यांत वेदीसेवा येते काय, हा वादाचा मुद्दा ठरला. १९९२ मध्ये होकारार्थी निर्वाळा देण्यात आला आणि १९९४ मध्ये तो जगभरच्या बिशपांना कळविण्यात आला.

विरोधकांच्या मते वेदीसेवा ही मुलांसाठी पुरोहितपदाच्या वाटेवरील पहिली पायरी होय. मुली आल्यास मुलांचा ओढा ओसरेल. समर्थकांच्या मते या सेवेचा अधिकार बाप्तिस्म्यातून येतो, पुरोहितदीक्षेतून नव्हे. १९९४ च्या पत्राने दोन्ही बाजूंची दखल घेतली. परवानगीचा निर्णय बिशपांकडे सोपविताना मुलग्यांच्या सेवकगटांना प्रोत्साहन देण्याचे कर्तव्यही त्याने अधोरेखित केले. त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना पुरोहितदीक्षा देता येणार नाही, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. २००१ च्या पत्राने, बिशपांची अनुमती असली तरी एखाद्या धर्मगुरूवर मुलींना सेवेस घेण्याची सक्ती करता येत नाही, असे स्पष्ट केले. परिणामी शेजारच्या दोन धर्मग्रामांतही वेगळी रीत असू शकते.

जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २३० वे कलम बदलून वाचक व वेदीसेवक ही स्थायी सेवापदे स्त्रियांनाही खुली केली. बाप्तिस्म्याचा युक्तिवाद येथे कायद्याच्या भाषेत उतरला. तथापि स्थायी पद आणि मुलांमुलींची नैमित्तिक सेवा या भिन्न बाबी असल्याने, एखाद्या मुलीस वेदीपाशी स्थान मिळणे हे आजही बव्हंशी स्थानिक बिशप व धर्मगुरू यांच्या निर्णयावर अवलंबून आहे.