सूचनेतला काना

२००७ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा मला फोन आला. त्यांच्या सभासदांना जाणाऱ्या सूचना आमच्या सॉफ्टवेअरमधून जात. "मॅडम, विषयाची ओळ जरा बघा," ते म्हणाले. विषय होता ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’. त्यांच्या पडद्यावर ‘वार्षिक सर्वस’ एवढं आल्यावर मोकळी जागा होती, मग ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेला एकटा काना आणि मग ‘धारण’. ओळीच्या शेवटी ‘सूचन’, पुन्हा जागा, पुन्हा तेच वर्तुळ आणि काना. ते रागावले नव्हते. फक्त म्हणाले, "यापुढे इंग्रजीत पाठवायचं का? ते नीट जातं."

ते वाक्य मला फार लागलं. संस्थेचे निम्मे सभासद निवृत्त, मराठीत वाचणारे. त्यांची भाषा सोडून द्यायची, कारण एका ओळीत दोन काने निसटले? आणि आमच्याकडे त्या ओळीची टेस्ट होती. ती त्या सकाळीही हिरवीच, म्हणजे पास, होती.

ही टेस्ट चुकीचं काय तपासत होती हे समजायला मला पुढची बरीच वर्षं लागली. त्यासाठी विषयाची ओळ आजच्या रूपात कशी आली, तिथपर्यंत मागे जावं लागलं.

ईमेलच्या मजकुराचा नियम ऑगस्ट १९८२ मध्ये पक्का झाला. डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेला तो दस्तऐवज म्हणजे आरएफसी ८२२. त्याच महिन्यात जॉन पोस्टेल यांनी टपाल वाहून नेण्याचा नियम लिहिला, आरएफसी ८२१. दोन्ही नियम सात बिटांच्या अ‍ॅस्कीवर उभे होते, म्हणजे एकूण १२८ खुणा. त्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा मावत. बाकी जगाने आपापली सोय केली. स्वीडनमध्ये महिरपी कंसांच्या आणि उभ्या रेघेच्या जागी आपली तीन जादा अक्षरं बसवली होती. स्वीडिश पडद्यावर ती अक्षरं दिसत आणि तोच मजकूर अमेरिकेत गेला की माणसाच्या नावात कंस उगवत. जपानी लोकांनी मजकुरात मधेच लिपी बदलण्याची खूण घालण्याची पद्धत काढली.

आपल्याकडे १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक, आयएस १३१९४, प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली आहे. पण मी १९९९ साली नोकरीला लागले तेव्हा मराठीतून मेल लिहिणं म्हणजे रोमन अक्षरांत लिहिणं, नाहीतर सोबत फॉण्टची फाइल जोडणं. ज्याच्याकडे तो फॉण्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि मंगल फॉण्ट आला आणि आम्ही पहिल्यांदा अक्षराला अक्षर म्हणून साठवू लागलो.

मेलच्या अंगात कुठलीही लिपी नेता यावी म्हणून जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांचा माइम हा नियम आला. त्याच्या शेजारीच, त्याच महिन्यात, टेनेसी विद्यापीठातल्या कीथ मूर यांचा छोटा दस्तऐवज आहे, आरएफसी १३४२. तो फक्त हेडरसाठी, म्हणजे विषय, प्रेषक अशा मेलच्या वरच्या ओळींसाठी आहे. १९९६ च्या नोव्हेंबरात त्याचं सुधारलेलं रूप आरएफसी २०४७ म्हणून आलं आणि आजही तेच चालतं.

मला हा दस्तऐवज त्या काळच्या कारागिरीचा उत्तम नमुना वाटतो. मूर यांच्यापुढे जगभरची जुनी यंत्रं होती. त्यांतलं एखादं आठवा बिट खाऊन टाकी, एखादं लांब ओळ तोडी, एखादं दोन जागांची एक करी. ती बदलणं कुणाच्या हातात नव्हतं. म्हणून त्यांनी परकी अक्षरं एका साध्या अ‍ॅस्की शब्दाच्या वेषात पाठवायचं ठरवलं. सुरुवातीला बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह, मग अक्षरसंचाचं नाव, प्रश्नचिन्ह, पद्धतीचं एक अक्षर, प्रश्नचिन्ह, मजकूर आणि शेवटी प्रश्नचिन्ह व बरोबरचं चिन्ह. आत एकही मोकळी जागा नाही, त्यामुळे वाटेतल्या यंत्राला तो एक विचित्र शब्दच वाटतो. या सगळ्याची कमाल लांबी ७५ खुणा. मजकूर मोठा असेल तर असे अनेक शब्द जागा सोडून एकापुढे एक लिहायचे आणि वाचणाऱ्याने मधली जागा गाळून ते जोडायचे.

पद्धती दोन. ‘क्यू’मध्ये इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी राहतात, परकं तेवढं बदलतं. स्वीडिश नाव त्यात न उलगडताही वाचता येतं. आपल्याला तिचा उपयोग नाही, कारण युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि ‘क्यू’त प्रत्येक बाइट तीन खुणांचा. एका ‘क’ला नऊ खुणा. ‘बी’, म्हणजे बेस-६४, आपल्याला बरी पडते, कारण तीन बाइटच्या चार खुणा होतात. त्यात एक गंमत आहे. आपली सगळी अक्षरं चार-के-एस किंवा चार-के-डब्ल्यू याने सुरू होतात. इतक्या वर्षांनी कच्च्या हेडरमध्ये चार-के-एस दिसलं की मला लगेच कळतं की इथे आपलं काहीतरी आहे. पहिली मोकळी जागा आली की मात्र हिशोब एका बाइटने सरकतो आणि ओळख पुसली जाते.

आता त्या सचिवांच्या ओळीकडे. त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ यात काने-मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त धरून २७ चिन्हं आणि ३ मोकळ्या जागा आहेत. २७ त्रिक ८१ आणि ३, एकूण ८४ बाइट. यूटीएफ-८ चं नाव, पद्धतीचं अक्षर, प्रश्नचिन्हं आणि बरोबरची चिन्हं मिळून १२ खुणा जातात. ७५ मधून उरल्या ६३, त्यातल्या चाराच्या पटीतल्या ६०, म्हणजे ४५ बाइट. नियम असाही आहे की एका अक्षराचे बाइट दोन शब्दांत फोडायचे नाहीत. म्हणून पहिला तुकडा ४३ वर थांबतो, ‘सर्वसाध’पाशी. पुढचा काना दुसऱ्या तुकड्यात.

पण नियमात आणखी एक ओळ आहे. ज्या ओळीत असा शब्द असेल ती ७६ खुणांपेक्षा लांब नसावी. ओळीच्या आरंभी ‘सब्जेक्ट’, कोलन आणि जागा यांच्या ९ खुणा असतात. त्या धरल्या तर पहिल्या तुकड्यात ३९ बाइटच मावतात आणि तो ‘सर्वस’पाशी तुटतो. उरतात ४७ बाइट. पुढच्या तुकड्यात ४५ मावतात, म्हणून तिसरा तुकडा लागतो आणि त्यात येतो केवळ शेवटचा काना. सचिवांच्या पडद्यावर दिसलं ते हेच होतं. मेल तयार करणाऱ्या आमच्या लायब्ररीने नियम तंतोतंत पाळला होता. त्यांच्या मेल वाचणाऱ्या प्रोग्रामने तुकडे जोडताना मधली जागा गाळली नव्हती. आणि सर्वसाधारण मेलचा नियम ७८ खुणांची ओळ सुचवतो, तो कुणी धरला तर? मग पहिला तुकडा ‘सर्वसा’पाशी तुटतो, उरलेले ४४ बाइट दुसऱ्यात बसतात आणि तिसऱ्याची गरजच राहत नाही.

‘सर्वसाध’, ‘सर्वस’, ‘सर्वसा’. एकच विषय, एकच लिपी, तीन ठिकाणी तुटलेला. तिन्ही रूपं उलगडली की तीच सूचना हाती येते.

तेव्हा मी केलं ते असं. तुकडे हाताने पाडले, शब्द जिथे संपतो तिथेच. मधली जागा न गाळणारा प्रोग्राम भेटला तरी फार तर एक जागा जास्त दिसेल, काना उघडा पडणार नाही. सूचना नीट गेली आणि इंग्रजीचा विषय पुन्हा निघाला नाही. मग मी जुनीच सवय पुढे चालवली. जे कच्चं हेडर बाहेर पडलं ते कॉपी करून टेस्टमध्ये ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून चिकटवलं. बाकीच्या टेस्टही तशाच होत्या. लायब्ररी काय देते ते पाहायचं, ते लिहून ठेवायचं आणि ती रोज तेच देते ना, एवढंच विचारायचं. सचिवांनी फोन केला त्या सकाळी टेस्ट हिरवी होती ती त्यामुळेच. वाचणाऱ्याला काय दिसेल हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरत होतो. बॅरी वॉर्सा यांनी सुरू केलेला त्याचा ईमेल संच २००१ च्या डिसेंबरात पायथॉन २.२ बरोबर आला. २००८ मध्ये पायथॉन ३ ने मजकूर आणि बाइट यांची कडक फारकत केली आणि सर्वाधिक ओढाताण झाली ती अशा, दोन्हींच्या सीमेवर बसलेल्या संचांची. २०१२ च्या ३.३ मध्ये ‘पॉलिसी’ नावाची नवी रचना आणि नवा हेडर वाचक आला, आधी कच्चा म्हणून. २०१६ च्या ३.६ मध्ये तो पक्का झाला. जुन्या हेडर वर्गाची ओळ मुळात ७६ ची, नव्या पॉलिसीची ७८ ची. जुना वर्ग यूटीएफ-८ साठी ‘बी’ आणि ‘क्यू’ यांतली आखूड पद्धत घेई, तर नवा ‘क्यू’ला थोडं झुकतं माप देतो. इंग्रजीत एखाददुसरं मराठी अक्षर असलेला विषय त्यामुळे एका आवृत्तीत ‘बी’ने आणि दुसरीत ‘क्यू’ने जाऊ शकतो. यातलं काहीही चूक नाही. आरएफसी २०४७ ने ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे.

पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपणार होता, म्हणून २०१८ मध्ये आम्ही बदल हाती घेतला. पहिल्याच दिवशी हेडरच्या जवळपास सगळ्या टेस्ट लाल. माझे हाताने पाडलेले तुकडे नव्या वाचकाने उलगडले आणि पुन्हा आपल्या हिशोबाने पाडले. दहाजणांना प्रत्यक्ष मेल पाठवून पाहिले, सगळे नीट. ओळ मोडली होती तेव्हा हिरवी असलेली टेस्ट ओळ ठीक असताना लाल होती. एका सहकाऱ्याने सुचवलं, नवी उत्तरं चिकटवून टाकू. मी नाही म्हटलं. मला बाबांचं काम आठवलं.

माझे बाबा मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. पत्त्यावर कुणी ‘मिरज’ लिही, कुणी ‘मीरज’, कुणी इंग्रजीत, कुणी मोडीच्या वळणाच्या अक्षरात, पाकीट त्याच खणात जायचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि आपल्या कोकणातले. पत्ता कुठल्याही लिपीत असो, वाहणाऱ्याला सहा आकडे पुरेत, ही त्यांची योजना मला मूर यांच्या कामाच्या जवळची वाटते. बाबांची एखादी चूक वरिष्ठांनी दाखवली तर ती पाकीट चुकीच्या खणात गेल्याचीच असे. पत्ता कसा लिहिला होता यावर त्यांची कुणी कधी परीक्षा घेतली नाही.

म्हणून टेस्ट नव्याने लिहिल्या. बाहेर पडलेलं हेडर आता आम्ही उलगडतो आणि मूळ मजकुराशी ताडतो. उलगडायला शक्यतो दुसरी लायब्ररी वापरतो, नाहीतर एकच चूक दोन्ही बाजूंना होऊन टेस्ट पास होते. शिवाय ज्या गोष्टी नियमाने बंधनकारक आहेत त्या वेगळ्या तपासतो. सगळं अ‍ॅस्की आहे ना, एकही शब्द ७५ च्या पुढे नाही ना, प्रत्येक तुकडा एकटा उलगडला तरी पूर्ण यूटीएफ-८ आहे ना. आणि आमचा स्वतःचा एक नियम, म्हणजे तुकड्याची सुरुवात काना, मात्रा किंवा हलन्ताने होऊ नये. हा नियम पाळण्यासाठी शेवटी आम्हाला तुकडे पाडण्याचं काम लायब्ररीच्या पुढे आपल्याच हातात घ्यावं लागलं. दोनच ठिकाणी बाइटला बाइट ताडणं मी ठेवलं, दोन्ही डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या यंत्रणेने मेलवर केलेल्या डिजिटल सहीची. सही झाल्यावर हेडर पुन्हा एन्कोड केलं तर अर्थ तोच राहतो, पण सही मोडते. तिथे नेमकं रूप हाच मजकूर आहे.

नमुन्यांत मी ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ ही ओळ घातली. तिच्यातला ‘ऱ्या’ जुन्या मजकुरात ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहिलेला सापडतो, नव्यात वेगळ्या ‘ऱ’ने. ते अदृश्य चिन्ह वाटेत कुणी ‘साफसफाई’ म्हणून काढलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीचा समुद्र. आमच्याच एका जुन्या फंक्शनमध्ये ही साफसफाई सापडली. ती चार वर्षं तिथे होती आणि चिकटवलेली उत्तरं तिला निमूटपणे मान्य करत होती.

२०२४ मध्ये पायथॉनच्या ईमेल संचात सुरक्षेची एक दुरुस्ती झाली. हेडरच्या मजकुरात नव्या ओळीचं चिन्ह घुसवून कुणी आपलं वेगळं हेडर आत सरकवू शकत होतं, ते लिहितानाच अडवलं जाऊ लागलं. असं काही आलं की एक दिवसही न थांबता नवी आवृत्ती लावावी लागते. पूर्वी आम्ही टेस्टच्या भीतीने महिने घालवत असू. या वेळी दुपारी तीनला बदल लावला, पावणेचारला टेस्ट संपल्या. त्या ओळीचे तुकडे आता किती पडतात हे मी पाहिलं नाही. संध्याकाळी सहाला त्याच संस्थेची वार्षिक सभेची सूचना गेली. सचिव आता दुसरे आहेत, त्यांनी उत्तर पाठवलं, "मिळाली." वर विषय पूर्ण होता, शेवटच्या कान्यासकट.